अळीच्या रक्तातील प्रथिने : वाढीच्या काळात नेमके काय बदलते?

माटुंग्याची_प्राध्यापिका (धागा सुरू करणारी)

नमस्कार मंडळी.

मागच्या रविवारी आमच्या गॅलरीतल्या कढीपत्त्याची फांदी कापताना पानाआड बसलेल्या एका हिरव्या अळीला कात्रीचे टोक लागले आणि तिच्या अंगातून हिरवट रंगाचा एक थेंब बाहेर आला. नातीने लगेच विचारले, "आजी, हिचे रक्त हिरवे का?" तिला समजेल असे उत्तर मी दिले, पण माझे स्वतःचे समाधान झाले नाही, कारण चाळीस वर्षांपूर्वी पदव्युत्तर प्रबंधासाठी मी दोन वर्षे याच थेंबामागे घालवली होती. अंडे, अळी, कोष, फुलपाखरू हे चक्र मराठीत आपण शाळेपासून वाचतो, परंतु ते वर्णन बाह्य रूपापाशीच थांबते. अळीच्या शरीरात त्या काळात जी तयारी चाललेली असते, तिच्याविषयी आपल्या भाषेत फारसे लिहिले जात नाही, म्हणून हा धागा.

कीटकाचे रक्त रक्तवाहिन्यांतून वाहत नाही. ते शरीराच्या पोकळीत मोकळे असते, सर्व अवयव त्यात बुडालेले असतात आणि पाठीलगत असलेली एक लांब नळी त्याला मागून पुढे ढकलत राहते. शास्त्रीय परिभाषेत त्याला रक्तलसीका म्हणतात. मी सोयीसाठी रक्तच म्हणेन. प्राणवायू पोचवण्याचे काम श्वासनलिकांचे जाळे परस्पर करते, त्यामुळे कीटकांच्या रक्तात हिमोग्लोबिन नसते. मग त्या रक्तात असते काय? अमिनो आम्ले भरपूर, ट्रेहॅलोज नावाची शर्करा, क्षार, पेशी आणि प्रथिने. यांतील प्रथिनांची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण अळीच्या वयाबरोबर ती इतकी बदलतात की सवयीच्या माणसाला नुसत्या रक्ताच्या नमुन्यावरून अळी कोणत्या टप्प्यात आहे हे बऱ्याच अंशी सांगता येते.

तुतीवरच्या रेशीमकिड्याचे उदाहरण घेऊ. अंड्यातून बाहेर पडलेली अळी जेमतेम अर्ध्या मिलिग्रॅमची असते. चार वेळा कात टाकून, पाच अवस्था पार करून, सुमारे पंचवीस दिवसांत ती चार-पाच ग्रॅमची होते. म्हणजे वजन जवळजवळ दहा हजार पट वाढते. या वाढीचा बहुतेक भाग पाचव्या अवस्थेतल्या सात-आठ दिवसांत होतो आणि रक्तातील प्रथिनांची मोठी उलथापालथही त्याच दिवसांत घडते. सुरुवातीच्या अवस्थांमध्ये रक्तातील एकूण प्रथिन थोडे असते आणि ते पुष्कळ प्रकारांत विखुरलेले असते. पाचव्या अवस्थेत मात्र एक-दोन प्रथिने इतर सगळ्यांना मागे टाकून वाढत जातात आणि कोषावस्थेच्या तोंडावर रक्तातल्या प्रथिनांचा अर्ध्याहून अधिक वाटा एकटी व्यापतात.

या प्रथिनांना संग्राहक प्रथिने म्हणतात. त्यांतील मुख्य कुळाचे नाव हेक्सामेरिन, कारण प्रत्येक रेणू सहा उपघटकांचा बनलेला असतो. एकेक उपघटक साधारण 75 ते 85 किलोडाल्टनचा (हे रेणूंचे वजन सांगण्याचे एकक) आणि पूर्ण रेणू सुमारे 500 किलोडाल्टनचा. कॅलिफोरा या निळ्या माशीच्या अळीत सापडलेल्या अशा प्रथिनाला कॅलिफोरिन हे नाव मिळाले, आणि पूर्ण वाढलेल्या अळीच्या रक्तात विद्राव्य प्रथिनांपैकी सुमारे 60 टक्के हे एकच प्रथिन असते. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.

ही प्रथिने तयार होतात मेदपिंडात. नावात मेद असला तरी हा अवयव केवळ चरबीचा साठा नव्हे. आपले यकृत जी कामे करते त्यांपैकी बरीच कामे कीटकात मेदपिंड करतो. अळी खात असते तोपर्यंत मेदपिंडाच्या पेशी ही प्रथिने बनवून रक्तात सोडत राहतात. अळीचे खाणे थांबले आणि एक्डायसोन या संप्रेरकाची पातळी वाढली की त्याच पेशी उलटे काम सुरू करतात. आपणच रक्तात सोडलेली प्रथिने त्या पुन्हा आत ओढून घेतात आणि दाट कणांच्या रूपात साठवून ठेवतात. पुढे कोषात, बाहेरून अन्नाचा एक कणही मिळत नसताना, हे कण विरघळवून त्यांतील अमिनो आम्लांपासून पंख, पाय, डोळे आणि नवी त्वचा घडवली जाते.

माझ्या मते "अळी वाढते" या दोन शब्दांत आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. एक म्हणजे अळी स्वतः मोठी होणे आणि दुसरी म्हणजे अजून अस्तित्वातच नसलेल्या प्रौढ कीटकासाठी सामान गोळा होणे. पहिली गोष्ट डोळ्यांना दिसते. दुसरी रक्तात दिसते.

---

बोरिवलीची_बाग

ताई, फार छान लिहिले आहे. आमच्याकडेही कढीपत्त्यावर आणि कुंडीतल्या लिंबावर या अळ्या नेहमी असतात. लहान असताना त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या काळपट-पांढऱ्या दिसतात आणि शेवटची कात टाकल्यावर एकदम हिरव्यागार होतात. हा रंगबदलही रक्तामुळे होतो का? आणि नातीच्या प्रश्नाचे उत्तर काय दिलेत, तेही लिहा. माझा मुलगा सहावीत आहे आणि त्यालाही हाच प्रश्न पडला आहे.

---

माटुंग्याची_प्राध्यापिका

नातीला मी सांगितले की अळीच्या रक्तात निळे आणि पिवळे असे दोन रंग एकत्र असतात आणि त्यांचा हिरवा होतो. उत्तर सोपे असले तरी चुकीचे नाही. पुष्कळ हिरव्या अळ्यांमध्ये बिलिव्हर्डिन जातीचे निळसर रंगद्रव्य एका प्रथिनाला जोडलेले असते आणि पानांतून आलेली पिवळी कॅरोटिनॉइड द्रव्ये लिपोफोरिन या दुसऱ्या प्रथिनावर स्वार होऊन फिरत असतात. अमेरिकेतल्या तंबाखूवरच्या मोठ्या अळीमध्ये, मॅन्ड्युका सेक्स्टामध्ये, त्या निळ्या प्रथिनाला इन्सेक्टिसायनिन म्हणतात. ते रक्तातही असते आणि त्वचेतही. पान खाऊन हिरवी झाली, म्हणजे हरितद्रव्यच अंगात उतरले, ही समजूत मात्र बरोबर नाही.

आपल्या कढीपत्त्यावरची अळी बहुधा कॉमन मॉरमॉनची असते. तिच्या कुळातल्या पापिलिओ झूथस या फुलपाखरावर जपानमध्ये काम झाले आहे. अळीला अळीच ठेवणाऱ्या ज्युव्हेनाइल संप्रेरकाची पातळी चौथ्या अवस्थेच्या सुरुवातीला उतरते आणि पाचव्या अवस्थेची त्वचा हिरवी होते. त्या नेमक्या काळात हे संप्रेरक बाहेरून दिले तर पाचव्या अवस्थेतली अळीसुद्धा विष्ठेसारखीच दिसते, हे 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे तुम्ही पाहता तो रंगबदल मुख्यतः त्वचेतला आहे, पण त्यामागचे संप्रेरक तेच आहे जे रक्तातल्या संग्राहक प्रथिनांनाही आवरून धरते. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिते.

---

मत्स्यटाकी

एक दुरुस्ती सुचवू का, मॅडम? कीटकांच्या रक्तात हिमोग्लोबिन नसते असे आपण लिहिले आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मासे-पक्ष्यांच्या दुकानांतून मी टाकीतल्या माशांसाठी ज्या लाल बारीक अळ्या आणतो, त्या कायरोनोमस नावाच्या, डासासारख्या पण न चावणाऱ्या माशीच्या अळ्या आहेत आणि त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनाचाच असतो असे मी वाचले आहे.

---

माटुंग्याची_प्राध्यापिका

आपली दुरुस्ती योग्य आहे आणि मी ती मनापासून स्वीकारते. "बहुतेक कीटकांच्या रक्तात" असे लिहायला हवे होते. कायरोनोमसच्या अळ्या गढूळ पाण्याच्या तळाशी, जिथे प्राणवायू अत्यंत कमी असतो अशा चिखलात राहतात. त्यांचे हिमोग्लोबिन आपल्यासारखे पेशींत बंद नसून थेट रक्तद्रवात विरघळलेले असते. आपल्या विषयाशी त्याचा आणखी जवळचा संबंध आहे. हे हिमोग्लोबिन एक नसून अनेक प्रकारचे असते आणि अळीच्या चार अवस्थांमध्ये कोणता प्रकार किती हे बदलत जाते.

दुसरा अपवादही सांगून ठेवते. काही पाषाणमाश्यांच्या रक्तात हीमोसायनिन हे तांबेयुक्त, प्राणवायू वाहणारे प्रथिन सापडले आहे, जे खेकडे आणि कोळंबी यांच्या रक्तात असते. संग्राहक हेक्सामेरिने याच हीमोसायनिनापासून उत्क्रांत झालेली आहेत. त्यांची सहा उपघटकांची रचना तशीच राहिली, पण तांबे धरून ठेवणारी जागा नाहीशी झाली. श्वासनलिका आल्यावर प्राणवायू वाहण्याची गरज संपली आणि जुने वाहक प्रथिन कोठारात रूपांतरित झाले. मला या संपूर्ण विषयातली हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

---

परळ_पॅथॉलॉजी

मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे रक्तातील प्रथिने मोजणे हा रोजचा व्यवहार आहे. माणसाच्या रक्तद्रवात दर 100 मिलिलिटरमध्ये साधारण 6 ते 8 ग्रॅम प्रथिन असते आणि त्यातले 3.5 ते 5 ग्रॅम अल्ब्युमिन. वयाप्रमाणे बदलणारी प्रथिने आमच्याकडेही आहेत. गर्भाच्या रक्तात अल्फा-फीटोप्रोटीन विपुल असते आणि जन्मानंतर ते झपाट्याने कमी होते. त्यामुळे आपले विवेचन मला लगेच पटले.

परंतु एक शंका आहे. आमच्याकडे अतिसाराचा रुग्ण आला आणि शरीरातले पाणी कमी झालेले असले, तर प्रथिनांचा आकडा वाढलेला दिसतो, प्रत्यक्षात प्रथिन वाढलेले नसते. अळीतही खाणे थांबल्यावर पाणी कमी होत असेल. मग शेवटच्या अवस्थेत प्रथिन वाढते असे आपण म्हणता, ते खरोखर नव्याने तयार होते की रक्त आटल्यामुळे दाट होते?

---

माटुंग्याची_प्राध्यापिका

माझ्या तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी हाच प्रश्न विचारला होता आणि तेव्हा मला त्याचे पूर्ण उत्तर देता आले नव्हते. आज देते.

पतंग-फुलपाखरांच्या पूर्ण वाढलेल्या अळीत रक्ताचे प्रमाण शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापासून दोन पंचमांशापर्यंत असू शकते, आणि ते स्थिर नसते. कात टाकण्याच्या आगेमागे ते वरखाली होते, उपाशी अळीत घटते, आणि खाणे संपवून अळी आतड्यातले सगळे बाहेर टाकते तेव्हा शरीरातले पाणीही बरेच जाते. म्हणून केवळ "दर मिलिलिटरमागे इतके मिलिग्रॅम" या आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. रंगद्रव्य टोचून ते किती पातळ झाले यावरून रक्ताचे एकूण आकारमान काढायचे, त्याला संहतीने गुणायचे आणि एका अळीमागे एकूण प्रथिन किती हे पाहायचे, ही योग्य पद्धत. असा हिशेब केला तरीही शेवटच्या अवस्थेतली वाढ खरीच ठरते. ती केवळ आटण्याने आलेली नसते.

त्याहून पक्का पुरावा दुसरीकडून मिळतो. मेदपिंडाचा तुकडा बाहेर काढून किरणोत्सारी अमिनो आम्ल घातलेल्या द्रवात ठेवला, तर खाणाऱ्या अळीचा मेदपिंड संग्राहक प्रथिन नव्याने बनवून द्रवात सोडताना दिसतो, आणि खाणे थांबवलेल्या अळीचा मेदपिंड ते जवळजवळ सोडत नाही. म्हणजे आपल्या शंकेचे उत्तर दोन भागांत आहे. खाण्याच्या दिवसांत प्रथिन नव्याने तयार होते. खाणे थांबल्यानंतरच्या थोड्या काळात जो दाटपणा दिसतो, त्यात आटण्याचा वाटा असू शकतो. आणि त्यानंतर मेदपिंडाने प्रथिन शोषून घेतल्यावर रक्तातला आकडा घसरतो.

प्रबंधाच्या वेळी माझ्याकडे रेशीमकिडे नव्हते. रेल्वेमार्गाच्या कडेला एरंड माजलेला असे, त्याची पाने आणून मी स्पोडोप्टेरा लिट्युराच्या, म्हणजे तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीच्या, पिढ्या काचेच्या बरण्यांत वाढवत असे. पायाला सुईने टोचून केशनलिकेत रक्त घ्यायचे आणि जेलच्या पातळ थरावर त्यातील प्रथिने आकाराप्रमाणे वेगवेगळ्या पट्ट्यांत वेगळी करायची. पहिली पूर्ण फेरी वाया गेली. नमुने बर्फात ठेवले होते, तरी तासाभरात ते शाईसारखे काळे पडले, कारण मी नळीत फिनाइलथायोयुरिया घालायला विसरले होते. कीटकाचे रक्त हवेशी आले की त्यातील प्रोफिनॉलऑक्सिडेज जागे होते आणि मेलॅनिन बनू लागते. जखम बंद करण्याची आणि जंतू कोंडण्याची ती त्यांची व्यवस्था आहे. हे विकरही हीमोसायनिनाच्याच कुळातले, आणि त्याने मात्र तांबे टिकवून ठेवले आहे.

दुसऱ्या फेरीत जेल नीट आले. कुमासी निळ्या रंगाने रंगवल्यावर लहान अळ्यांच्या रकान्यांत अनेक फिकट पट्टे होते. शेवटच्या अवस्थेच्या पहिल्या दिवसापासून रोज एक रकाना भरला होता, आणि 80 किलोडाल्टनच्या आसपासचा पट्टा रोज जाड होत गेलेला स्पष्ट दिसत होता. कोषपूर्व अळीच्या रकान्यात तो पुन्हा बारीक झाला, आणि शेजारीच लावलेल्या मेदपिंडाच्या नमुन्यात तो प्रथमच ठळकपणे उमटला. रक्तातून नाहीसा झालेला पट्टा मेदपिंडात सापडणे हा माझ्या आयुष्यातला एक मोठा आनंद होता.

---

तुतीवाला_बीड

नमस्कार ताई. मी डोंबिवलीत राहून नोकरी करतो, पण गावी बीड जिल्ह्यात आमची दोन एकर तुती आहे आणि भाऊ वर्षाला पाच-सहा बॅच काढतो. आपण लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी आम्ही डोळ्यांनी पाहतो, पण त्यांचे कारण ठाऊक नव्हते. माझे तीन प्रश्न आहेत.

पहिला असा की पाचव्या अवस्थेत पाला कमी पडला तर कोष हलके भरतात, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. रेशीमसुद्धा रक्तातल्या याच प्रथिनांपासून बनते का? दुसरा, ग्रासरी रोग आला की अळीचे अंग फुगते, पाय तुटला की दुधासारखा पांढरा थेंब येतो. निरोगी अळीचा थेंब स्वच्छ पिवळसर असतो. तो पांढरेपणा म्हणजेही प्रथिनच का? तिसरा प्रश्न कोषाच्या रंगाचा. काही जातींचे कोष पिवळे आणि आमच्या दुबार संकरित जातीचे पांढरे असतात. त्याचा रक्ताशी संबंध आहे का?

---

माटुंग्याची_प्राध्यापिका

दादा, आपले तिन्ही प्रश्न विषयाच्या गाभ्याचे आहेत.

रेशीम रक्तातल्या संग्राहक प्रथिनांपासून बनत नाही. रेशमातली फायब्रॉइन आणि सेरिसिन ही प्रथिने रेशीमग्रंथीच्या पेशी स्वतः बनवतात आणि त्यासाठी लागणारी अमिनो आम्ले रक्तातून उचलतात. ग्लायसिन, अलानिन आणि सेरिन ही फायब्रॉइनमधली मुख्य आम्ले. त्यामुळे पाचव्या अवस्थेत एकाच पाल्यावर दोन मोठे ग्राहक हक्क सांगत असतात : रेशीमग्रंथी आणि मेदपिंड. पाल्यापैकी सुमारे 80 टक्के पाला अळी याच अवस्थेत खाते, म्हणून तेव्हाची टंचाई दोघांनाही भोवते. कोष हलका होतो आणि पुढे अंडी घालायची वेळ आली तर त्या मादीकडेही शिदोरी कमी असते. आपण कोष विकून टाकत असल्यामुळे दुसरे नुकसान शेतकऱ्याला दिसत नाही; अंडीपुंज तयार करणाऱ्या केंद्राला ते दिसते.

याला जोडून नर-मादीचा फरक सांगते. रेशीमकिड्यात दोन प्रमुख संग्राहक प्रथिने आहेत. त्यांतील एकात मेथिओनिन हे आम्ल भरपूर असते. चौथ्या अवस्थेपर्यंत ते नर आणि मादी दोघांतही आढळते, पण पाचव्या अवस्थेत नरात त्याची निर्मिती थांबते आणि मादीत प्रचंड वाढते. मादीला शेकडो अंडी भरायची असतात आणि पतंग झाल्यावर ती काहीही खात नाही, त्यामुळे अंड्यांसाठीचे सामान तिने अळी असतानाच बांधून घेतलेले असते. मादीचा कोष वजनाला भारी पण त्यात रेशमाच्या कवचाचे प्रमाण कमी, आणि नराचा कोष हलका पण कवचाचे प्रमाण जास्त, हे आपण तराजूवर पाहिले असेलच. या फरकाच्या मुळाशी असलेली विभागणी पाचव्या अवस्थेतल्या रक्तातही दिसते.

ग्रासरीविषयी आपला अंदाज बरोबर आहे. तो रोग विषाणूचा. विषाणू पेशींच्या केंद्रकात पॉलिहेड्रिन नावाच्या प्रथिनाचे बहुकोनी स्फटिक बनवतो आणि त्यांत स्वतःला कोंडून घेतो. पेशी फुटल्या की हे असंख्य स्फटिक रक्तात तरंगू लागतात आणि रक्त दुधाळ दिसते. अळीची प्रथिने बनवण्याची सारी यंत्रणा विषाणूने आपल्या कामाला जुंपलेली असते. तो थेंब ज्या पानावर पडतो ते पान दुसऱ्या अळीने खाल्ले की रोग तिच्यात जातो, म्हणून अशा अळ्या हाताने न फोडता वेचून चुन्यात टाकण्याचा सल्ला देतात, हे आपल्याला ठाऊक असेलच.

रंगाचे उत्तर रक्तातच आहे. तुतीच्या पानातली पिवळी कॅरोटिनॉइड द्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत. ती आतड्यातून आत घेण्यासाठी पेशींत एक विशिष्ट वाहक प्रथिन लागते, पुढे रक्तात लिपोफोरिन त्यांना वाहून नेते आणि शेवटी ती रेशीमग्रंथीत उतरतात. ज्या जातींत ते वाहक प्रथिन बनवणारे जनुक बिघडलेले आहे, त्यांचे रक्त रंगहीन राहते आणि कोष पांढरा होतो. रेशीमकिड्यात मेंडेलचे नियम लागू पडतात हे तोयामा या जपानी शास्त्रज्ञाने 1906 मध्ये दाखवले. जनुकाचे नेमके स्वरूप समजायला त्यानंतर शंभर वर्षे लागली.

---

एमएस्सी_भाग_दोन

मॅडम, मी सध्या याच विषयात शिकत आहे. मला एक गोष्ट मान्य करणे कठीण जाते. चरबी आणि ग्लायकोजेन हेही साठेच आहेत. मग प्रथिनांच्या साठ्याला इतके वेगळे स्थान का द्यायचे? शेवटी ती फोडून अमिनो आम्लेच वापरायची आहेत, तर अमिनो आम्ले तशीच रक्तात ठेवली असती तरी चालले असते.

---

माटुंग्याची_प्राध्यापिका

तशीच ठेवली असती तर चालले नसते, आणि का चालले नसते याचा हिशेब तुम्ही स्वतः वहीत करून पाहावा अशी माझी इच्छा आहे. 500 किलोडाल्टनच्या एका रेणूत चार हजारांहून अधिक अमिनो आम्ले गुंफलेली असतात. परासरण दाब रेणूंच्या संख्येवर अवलंबून असतो, त्यांच्या आकारावर नाही. ती चार हजार आम्ले सुटी सोडली तर पेशींतले पाणी रक्तात ओढले जाईल. एका रेणूत बांधली तर तो एकच रेणू मोजला जातो.

दुसरे कारण टायरोसिनचे. फुलपाखराची किंवा माशीची नवी त्वचा कडक आणि गडद होण्यासाठी टायरोसिनपासून बनलेली द्रव्ये लागतात, तीही थोड्या तासांत आणि मोठ्या प्रमाणावर. पण टायरोसिन पाण्यात अत्यंत कमी विरघळते. एका लिटरमध्ये अर्धा ग्रॅमसुद्धा मुश्किलीने. ते सुटे साठवणे शक्यच नाही. हेक्सामेरिनांच्या एका गटात टायरोसिन आणि फिनाइलअलानिन मिळून 15 टक्के किंवा त्याहून जास्त असतात, आणि या गटाला त्यावरूनच अरिलफोरिन असे नाव दिले गेले. कोणत्या अमिनो आम्लाची पुढे टंचाई पडणार आहे, त्याप्रमाणे साठ्याची घडण झालेली आहे. चरबीच्या थेंबात अशी निवड नसते, म्हणून मी या साठ्याला वेगळे स्थान देते.

तिसरी गोष्ट नियंत्रणाची. ज्युव्हेनाइल संप्रेरक जोरात असते तोपर्यंत कात टाकून पुन्हा अळीच होते, आणि तोपर्यंत रेशीमकिड्यात ही संग्राहक प्रथिने, तसेच 30 किलोडाल्टनच्या आसपासचा आणखी एक मोठा गट, दबलेला राहतो. संप्रेरक स्रवणाऱ्या ग्रंथी शस्त्रक्रियेने लवकर काढल्या तर अळी वेळेआधीच कोषाकडे वळते आणि ही प्रथिनेही वेळेआधी दिसू लागतात. आपले तुतीवाले बंधू अळ्या एकाच वेळी पिकाव्यात म्हणून वनस्पतीजन्य एक्डायसोनाची फवारणी जाणत असतील. ती याच व्यवस्थेच्या दुसऱ्या टोकाला हात घालते. एक्डायसोन शोधणाऱ्या ब्यूटेनांट आणि कार्लसन यांनी 1954 मध्ये 500 किलो रेशीमकोषांतल्या प्यूपांपासून फक्त 25 मिलिग्रॅम शुद्ध संप्रेरक मिळवले होते. इतक्या अल्प द्रव्याच्या इशाऱ्यावर रक्तातले निम्मे प्रथिन आपली दिशा बदलते.

अंड्यांच्या बाबतीत एक नाव अवश्य वाचा : विल्यम टेल्फर. सेक्रोपिया पतंगाच्या मादीच्या रक्तात एक प्रथिन असते जे नरात जवळजवळ नसते आणि जे अंड्यात जाऊन साठते, हे त्यांनी 1954 मध्ये दाखवले. 1969 मध्ये त्याच गटाने अशा प्रथिनांसाठी व्हायटेलोजेनिन हा शब्द दिला. सेक्रोपिया आपल्या गडचिरोली-भंडाऱ्याच्या टसर पतंगाच्याच कुळातला आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या टसर अळीवर काम करायला तुमच्यासारखी तरुण मुले पुढे आली तर मला फार आनंद होईल.

---

तुतीवाला_बीड

तिन्ही उत्तरे भावाला वाचून दाखवली. त्याने विचारले आहे की चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणण्यासाठीच्या चौकटीवर, टाकायच्या वेळी अळी पारदर्शक पिवळसर दिसते, ती रक्तातल्या बदलामुळे का?

---

माटुंग्याची_प्राध्यापिका

मुख्यतः आतडे रिकामे झाल्यामुळे. हिरवा पाला आतून निघून गेला की प्रकाश आरपार जातो आणि रेशमाने भरलेल्या ग्रंथी त्यातून दिसू लागतात. त्या वेळी रक्त प्रथिनांनी सर्वांत समृद्ध असते, पण ते डोळ्यांना ओळखता येत नाही.

---

बोरिवलीची_बाग

ताई, आज सकाळपासून आमच्या कढीपत्त्यावरची मोठी अळी खात नाही. काल रात्री तिने नेहमीच्या कोरड्या गोळ्यांऐवजी पातळ, ओलसर विष्ठा टाकली आणि नंतर ती कुंडी सोडून ग्रिलच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेली. आता एका जागी आखडून बसली आहे आणि अंगाभोवती एक बारीक धागा दिसतो. मुलगा तिला परत पानावर ठेवायचे म्हणतो. ठेवावे का?

---

माटुंग्याची_प्राध्यापिका

अजिबात हलवू नका. ती पातळ विष्ठा म्हणजे आतडे रिकामे केल्याची खूण, आणि तो धागा म्हणजे कोष होताना आधारासाठी कमरेला बांधलेला पट्टा. तो तुटला तर ती लटकून पडेल. मुलाला सांगा की तिचे खाणे कायमचे संपले आहे; अळी म्हणून तिने जे काही मिळवले, ते या क्षणी रक्तातून मेदपिंडात परत जात आहे. उद्या-परवा शेवटची कात पडेल आणि कोष दिसेल. ग्रिलच्या त्या कोपऱ्यावर पाणी मारू नका आणि दुपारचे थेट ऊन येत असेल तर बाहेरच्या बाजूने एक जुने फडके बांधा. कोष दिसला की दिवस मोजायला सुरुवात करा आणि इथे कळवा.